शुद्धिपत्र वगळू नका

(दापोली तालुक्यातली आम्ही काही मंडळी जुने कुलवृत्तांत (म्हणजे घराण्यांचे छापील इतिहास), गावांचे इतिहास, देवस्थानांच्या स्मरणिका स्कॅन करून ठेवतो, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. आमच्यात कॉलेजातली मुलं आहेत, एक निवृत्त पोस्टमास्तर आहेत आणि ग्रंथपालाची नोकरी संपवून घरी बसलेली मी आहे. त्या लेखावर आलेल्या पत्रांतल्या सहा प्रश्नांना इथे उत्तरं देते. पत्रं जरा आटोपती केली आहेत.)

माळ्यावरच्या पेटीत आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत सापडला. कागद ठिसूळ झालाय, कसरीने भोकं पाडलीत. मुलगा म्हणतो, शिवण उसवून पानं सुटी करू म्हणजे मशीनमधून भराभर निघतील. तसं करावं का?
– एक निवृत्त शिक्षक, देवरुख

नको हो गुरुजी. मशीन पानं ओढून घेतं, आणि ठिसूळ पान त्यात एकदा अडकलं की त्याची रांगोळी होते. शिवाय उसवलेलं पुस्तक पुन्हा बांधून देणारा बाइंडर आता तालुक्याच्या गावीसुद्धा मिळणं कठीण.

पुस्तक पूर्ण उघडायचंच नाही. काटकोनापेक्षा थोडं जास्त, एवढंच उघडा आणि न उघडलेल्या बाजूला घडी केलेली चादर टेकू म्हणून द्या. आधी सगळी उजवीकडची पानं घ्या, मग पुस्तक फिरवून डावीकडची. फोन स्टँडवर बसवा, हातात धरू नका. पानावर कडा घासलेली साधी काच ठेवली की सुरकुत्या बसतात. फ्लॅश बंद ठेवा. दोन बाजूंनी दोन दिवे, नाहीतर खिडकीतला उजेड. पावसाळी दिवसाचा मऊ उजेड तर या कामाला फार चांगला. स्कॅनर असेल तर मजकुराला ३०० डीपीआय पुरतात, पण वंशवृक्षाचा टाइप बारीक असतो, तिथे ६०० ठेवा. घडीचं मोठं पान एका फोटोत बसवायचा हट्ट नको. तुकड्यातुकड्यांत घ्या आणि प्रत्येक तुकड्यात शेजारच्याचा थोडा भाग येऊ द्या.

कसर मऊ कोरड्या ब्रशने झाडा. पुस्तक उन्हात टाकू नका, कागद आणखी कडक होतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात नको. दहा वर्षांनी टेप गळून पडते, तिचा तपकिरी डाग मात्र अक्षरांवर राहतो. किडे मारायला पुस्तक पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा, असं शहरातले लोक सांगतात. उपाय खरा आहे, पण आमच्याकडे जून लागला की वीज कधी जाईल नि कधी येईल याचा नेम नसतो. पुस्तक गोठायचं, वितळायचं आणि शेवटी लगदा व्हायचा.

आता मुख्य गोष्ट. स्कॅन करणारा माणूस हटकून काही पानं गाळतो: कोरी पानं, जाहिराती, वर्गणीदारांची यादी, पुरवणी आणि शुद्धिपत्र. यातलं एकही गाळू नका. वर्गणीदारांच्या यादीत त्या वर्षी कोण कुठे नोकरीला होता ते सापडतं. एखादा इंदूरला, एखादा कराचीला, एखादा रेल्वेत. आणि शुद्धिपत्राचं सांगायचं तर आमच्या हातून गेलेल्या एका कुलवृत्तांतात एका माणसाची शाखा निर्वंश म्हणून छापली होती. त्या माणसाचा पणतू आम्हाला शोधत आला तेव्हा हातातल्या फोनवर तेच पान उघडून उभा होता. कुणीतरी पूर्वी केलेली पीडीएफ त्याच्याकडे होती आणि तिच्यात शेवटची पानं नव्हती. छापील पुस्तकाच्या मागे शुद्धिपत्रात, मुंगीएवढ्या टाइपात, त्याच गृहस्थांना दोन मुलगे असल्याचं स्पष्ट दिलं होतं. पुस्तकाने चूक सुधारली होती, ती पीडीएफ करणाऱ्याने परत बिघडवली.

स्कॅन रंगीतच करा. काळ्या-पांढऱ्यात फाइल लहान होते, पण समासातली पेन्सिल उडते. आणि समासातच तर खरा माल असतो. पुस्तक छापल्यानंतर घरातल्या कुणीतरी नावांपुढे तिथी, गाव, कधी नुसतंच ‘प्लेग’ असं लिहून ठेवलेलं असतं. छापील प्रती शेकडो निघाल्या असतील, त्या पेन्सिलीची प्रत एकच आहे. तुमच्या पेटीतली.

आमच्या कुलमंडळाने छापलेला जुना ग्रंथ इंटरनेटवर टाकायचा विचार आहे. एक चुलतभाऊ म्हणतो, कॉपीराइटची केस होईल. दुसरा म्हणतो, घराण्याचं पुस्तक आहे, कुणाच्या बापाचं काय जातंय. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

दुसऱ्या भावाचंच बोलणं इथे लागू पडतं, पण उलट्या अर्थाने. कुणाच्या तरी बापाचंच ते पुस्तक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि तो वारल्यानंतर ६० वर्षं हक्क त्याच्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. दोघांनी मिळून लिहिलं असेल तर जो मागाहून वारला त्याच्यापासून. लेखकाचं नावच नसेल तर छापल्या वर्षाच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं. म्हणजे पुस्तक १९४० चं आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. लेखक १९४२ ला गेले की १९८५ ला, ते आधी बघा. गंमत अशी की त्यांचं मृत्युवर्ष बहुधा त्याच घराण्याच्या नंतरच्या आवृत्तीत मिळतं.

मुदत संपली नसेल तर वारसांना गाठून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. आजवर आम्हाला नाही म्हणणारं कुणी फारसं भेटलेलं नाही. ‘पण मला एक प्रत द्या’ असं मात्र सगळे म्हणतात.

मला कॉपीराइटपेक्षा दुसरीच काळजी जास्त वाटते. नव्या आवृत्त्यांमध्ये हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन नंबर, बायकोचं माहेरचं नाव असं सगळं असतं. बँकवाले ओळख पटवायला आईचं माहेरचं नाव विचारतात, हे लक्षात असू द्या. जुनी आवृत्ती खुशाल सगळ्यांसाठी ठेवा. हयात माणसांची पानं असलेली आवृत्ती मंडळाच्या कपाटात राहू द्या. आणि ‘डोक्याने अधू’, ‘घर सोडून गेला’ असले शेरे जुन्या पुस्तकात असतील तर ते खोडू नका. पुस्तक आहे तसं राहिलं पाहिजे. फक्त त्या माणसाची मुलं-नातवंडं माहितीतली असतील तर टाकण्याआधी त्यांना एक फोन करा.

आमच्या कुलवृत्तांतात दहा पिढ्यांचे पुरुष आहेत, पण माझ्या खापरपणजीचं नाव कुठेच नाही. नुसतं ‘पत्नी’ एवढंच. तिचा शोध घेता येईल का? मूळ गाव गुहागर तालुक्यात.
– एक वाचक भगिनी, पुणे

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

पहिली गोष्ट, तिला एका नावाने शोधू नका. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरी राहायचं. एकच बाई एका पुस्तकात द्वारका असते आणि दुसऱ्यात लक्ष्मी. म्हणून सासरचा कुलवृत्तांत बंद करा आणि माहेरचा उघडा. मुलींची लग्नं कुणाकडे, कुठल्या गावी झाली हे माहेरच्या पुस्तकांत पुष्कळदा दिलेलं असतं. माहेर कुठलं तेच ठाऊक नसेल तर गुहागरच्या आसपासच्या घराण्यांची जी पुस्तकं हाती लागतील त्यांत मुलींच्या रकान्यात तुमचं आडनाव आणि गाव शोधायचं. चाळणी लावण्याचं काम आहे, वेळ लागतो. आमची मुलं नेमकी हीच सूची करत बसली आहेत: मुलीचं नाव, वडील, सासरचं आडनाव, सासरचं गाव. पुरुषांच्या सूच्या छापील पुस्तकांत आहेतच. या मुलींची सूची कुणी केलेली नव्हती.

दुसरी जागा म्हणजे श्राद्धाची वही. महालयात वडील, आजोबा, पणजोबा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात. ऐनवेळी आठवत नाहीत म्हणून घरोघरी ती एखाद्या वहीत किंवा पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहिलेली असत. वंशवृक्षातून बाई गळली तरी पक्षात तिचं नाव घेतल्याशिवाय पान वाढत नसत. तुमच्या खापरपणजीच्या नातवाने तिचं नाव दर भाद्रपदात घेतलंय. ती वही कुणाकडे गेली ते शोधा. बहुधा सगळ्यात थोरल्या चुलत्याच्या घरी असेल. घरच्या भटजींकडेही विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वरला कुणी यात्रेला गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत सबंध कुटुंब लिहिलेलं सापडतं. तिथे आडनावापेक्षा मूळ गावावर जास्त भर असतो, तेव्हा गावाचं जुनं नाव विचारून जा.

आणि भांडी. हसू नका. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालायची आपली रीत आहे, आणि आंदणाच्या भांड्यावर नाव मुलीचं असतं. वेळणेश्वरकडच्या एका घरात आम्ही वंशावळ उतरवून घेत होतो. आजी म्हणाल्या, माझ्या सासूच्या सासूचं नाव मला माहीत नाही बाई. मग पाणी तापवायचा बंब घासायला काढला तेव्हा बुडाजवळ, काजळीखाली, ठोक्याठोक्यांची अक्षरं निघाली. नाव, वडलांचं नाव आणि शके १८१९. कुणी चिंच लावून घासावं असं मी सांगणार नाही, अक्षरं झिजतात. ओल्या फडक्याने पुसा, टॉर्च आडवा धरा आणि फोटो काढा. सावलीत अक्षरं उठून दिसतात.

आजोबांच्या कागदांत ‘सन इसन्ने सबैन मया व अलफ, छ १२ रजब’ असं आहे. हे कुठलं साल? आणि शके कसे बदलायचे?
– एक वाचक, राजापूर

हे शुहूर सन, म्हणजे अरबी आकडे शब्दांत. एककापासून मागे वाचत जायचं: इसन्ने दोन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झालं ११७२. हे वर्ष मृग लागला की सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १७७१-७२ चा, थोरल्या माधवरावांच्या अखेरच्या काळातला. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. रजब त्या वर्षी कधी आला ते जंत्रीत, म्हणजे तारखांच्या कोष्टकात, पाहा. जंत्री नसेल तर तो उतारा पाठवा.

शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवा. पडताळा हवा असेल तर पानिपत घ्या: शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. पौष जानेवारीत पडला म्हणून ७९ मिळवून १७६१, १४ जानेवारी.

सूचीत मात्र मूळ तिथी जशीच्या तशी लिहा आणि इसवी सन शेजारच्या रकान्यात. नुसता इसवी सन लिहून ठेवाल तर गणित चुकलं की नाही हे पुढच्याला कधीच कळणार नाही.

आम्ही ओसीआर लावून पुस्तकांचा मजकूर शोधता येईल असा करतोय. पण खूप चुका येतात आणि बरोबर आलेले शब्दही सर्चमध्ये सापडत नाहीत. शुद्धलेखन सुधारून घ्यावं का?
– एक विद्यार्थी, चिपळूण

मशीनची चूक सुधार, पुस्तकाची नको. ‘जोशी’चं ‘जाशी’ झालं तर ती मशीनची चूक, खिळा झिजलेला असतो. पण ‘नांव’, ‘गांव’, ‘पांच’, ‘कांहीं’ ही चूक नाही. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम येण्याआधी अनुस्वार असेच देत. तू सर्चमध्ये ‘गाव’ टाकतोस आणि पुस्तकात ‘गांव’ आहे, मग सापडेल कसं? मजकूर आहे तसा ठेव आणि आडनावं व गावं यांची वेगळी सूची आजच्या लेखनाने कर. आडनावांची रूपं एकापुढे एक दे: आठल्ये, आठले. मग कुणी काहीही टाकलं तरी त्याच पानावर येईल. मजकूर विकिस्रोतावर चढवणार असाल तर तिथे मूळ पान आणि मजकूर शेजारीशेजारी दिसतात, तपासायला ते फार सोयीचं.

तुझं गाव चिपळूण, तेव्हा आणखी एक सांगते. २२ जुलै २०२१ ला तुमच्याकडे काय झालं ते तुला मी सांगायला नको. १८६४ पासूनच्या तुमच्या वाचन मंदिरात पाणी शिरलं आणि पुस्तकांचा चिखल झाला. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळाने आमच्याकडची घरांची छपरं नेली आणि खालच्या माळ्यावरची पुस्तकं रात्रभर भिजली. तेव्हा हार्ड डिस्क आणि पुस्तक एकाच कपाटात ठेवू नकोस. एक प्रत इंटरनेट अर्काइव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या कुणाकडे तरी, आणि तीही नदीकाठच्या तळमजल्यावर नको.

तुमच्या लेखात सगळे कुलवृत्तांतच. आम्ही कुणबी, मूळचे मंडणगड तालुक्यातले, दोन पिढ्या लालबागला. आमचं पुस्तक कुणी छापलेलं नाही. आमच्यासारख्यांनी काय स्कॅन करायचं?
– एक वाचक, मुंबई

दादा, तक्रार रास्त आहे. छापील कुलवृत्तांत बहुतेक करून लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या, पैसा गाठीला असलेल्या घराण्यांचे. पण तुमच्या पूर्वजांची नावं कागदावर नाहीत असं समजू नका. ती दुसऱ्याच्या वहीत आहेत.

खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, वहीत. कोण कुठलं रान कसतो, अर्धेलीने (अर्धं पीक देऊन) कसतो की मक्त्याने (ठरावीक खंड देऊन), भात किती खंडी-मण घातलं, बाकी किती, आणि बाप वारल्यावर कुणाच्या नावावर पुढे चाललं. या वह्या खोताने वसुलीसाठी ठेवल्या, पण तुमच्या दृष्टीने ती पिढ्यांची नोंद आहे. खोती रद्द व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. त्यानंतर या वह्यांना कुणी विचारलं नाही आणि त्या गुरांच्या गोठ्यावरच्या माळ्यात गेल्या. पुष्कळशा मोडी लिपीत आहेत. कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये शिंदे समिती नेमली गेल्यापासून मोडी वाचणाऱ्याला चांगला भाव आलाय, तेव्हा कुणी पानामागे पैसे मागितले तर चकित होऊ नका. आमच्याकडे फुकट वाचून मिळेल, पण रांग आहे. खोतांच्या घरी वही मागायला जाताना सरळ सांगा की वंशावळीसाठी हवी. जमिनीच्या वादाची त्यांना धास्ती असते. घरातच, त्यांच्यासमोर, त्यांच्या टेबलावर फोटो काढू म्हणा. वही बाहेर नेणार नाही हे ऐकलं की निम्मी घरं हो म्हणतात. उरलेली निम्मी चहा देतात.

सरकारी कागदांत कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूच्या नोंदी. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे कॅमेरा चालत नाही, अर्ज करून नक्कल घ्यायची. गावच्या जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर असतं. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मगाव. त्याचाही उताराच मागा.

पण तुम्ही लालबागला आहात तर तुमचं घबाड गावापेक्षा मुंबईत आहे. गिरण्यांच्या दिवसांत गावागावाने खोल्या घेतल्या, ग्रामस्थ मंडळं काढली. त्यांच्या सभासदांच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं, देवळाच्या जीर्णोद्धाराचे हिशेब, रौप्यमहोत्सवी स्मरणिका. स्मरणिकेत फोटोखाली नावं असतात, वाडीही असते. हे सगळं कुणा जुन्या कार्यवाहाच्या पलंगाखाली ट्रंकेत असतं, आणि चाळ पुनर्विकासाला गेली की ट्रंक रद्दीत जाते. आधी ते घ्या, खोताच्या वह्या थांबतील.

शिमग्याला गावी जाल तेव्हा पालखी कुठल्या घरापासून कुठल्या घरी जाते तो क्रम लिहून घ्या. मानाचा क्रम सहसा बदलत नाही, आणि त्यावरून कुठलं घर थोरल्याचं नि कुठलं धाकट्याचं ते ताडता येतं. म्हाताऱ्यांना बसवून विचाराल तर एक जण सांगेल आणि तिघे भांडतील. तिघांचंही रेकॉर्ड करा. कुणाचं खरं ते ठरवायची घाई नको. प्रत्येकापुढे त्याचं नाव, वय, वाडी आणि तारीख एवढं टाका. आणि मंडळाची ट्रंक हाती लागली की वह्यांना हात लावायच्या आधी ट्रंक जशी भरलेली आहे तसाच एक फोटो काढा. कुठली वही कुठल्या गठ्ठ्यात होती हे नंतर आठवत नाही.